हात सोडून सगळं

सोल्डरिंग स्टेशन घेताना काय बघावं, यावर मी आज कुणालाही तासभर पिडू शकतो. हीटर कसला आहे, बिट खराब झाली तर सुटी मिळते का, तापमान खरोखर धरून ठेवतं की नुसते आकडे दाखवतं, हँडलची वायर मऊ आहे की ताठ, बोटांपासून बिटच्या टोकापर्यंत अंतर किती. बेताच्या किमतीत यातलं काय पदरात पडतं आणि कशावर पाणी सोडावं लागतं, तेही मला तोंडपाठ आहे. ऑफिसातल्या पोरांना वाटतं, सरांना इलेक्ट्रॉनिक्सचा भारी नाद आहे. नाद आहेच, कॉलेजापासूनचा आहे. पण एवढा अभ्यास नादापायी कुणी करत नाही. मी तो भीतीपायी केला.

भीती कसली होती ते आधीच सांगून टाकतो. माझे वडील कंपवाताने गेले. म्हणजे कंपवात घेऊन बरीच वर्षं जगले आणि मग गेले. आणि गेल्या श्रावणात घड्याळाचं एक किट जोडत असताना माझ्याकडून आयसीचे, म्हणजे चिपचे, शेजारशेजारचे दोन पाय सोल्डरच्या एकाच थेंबाने एकमेकांना चिकटले. अशी चूक शिकाऊ माणूस करतो. मी ती कॉलेजात केली होती, नंतर कधी नाही. सोल्डर काढून टाकलं, पुन्हा केलं, पुन्हा चिकटले. आपला उजवा हात थरथरायला लागलाय का, असा प्रश्न तिथल्या तिथे मनात आला आणि मी तो झटकून टाकला. तो मला बायकोला विचारायचा नव्हता, डॉक्टरांना तर मुळीच नाही. मग मी तो यंत्रांना विचारत सुटलो.

ज्यांनी कधी सोल्डरिंग केलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की तापलेल्या टोकाने धातूची मऊ तार वितळवायची आणि त्या थेंबाने सुटे भाग बोर्डाला जोडायचे. ते टोक म्हणजे बिट. साध्या आयर्नला फक्त एक प्लग असतो, लावलं की तापत राहतं. स्टेशनला शेजारी एक डबा असतो, त्यावर तापमान ठरवता येतं. माझ्याकडे कॉलेजातलं साधं आयर्न होतं. त्याचं लाकडी हँडल एका बाजूला जळून काळं झालेलं, आणि त्याच्यावरच मी आजवर सगळं केलं होतं.

आम्ही मारुंजीत राहतो. मी मूळचा हिंगोलीकडचा, बायको परभणीची, नोकरी हिंजवडीत. आजूबाजूच्या इमारतींत आमच्यासारख्यांचीच भरती आहे. आमची इमारत ज्यांची, ते तळमजल्यावर राहतात. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं, आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी तुंबलं की ते हे आवर्जून सांगतात, म्हणजे तक्रार करायला तोंड राहत नाही. मी त्यांना मालक म्हणतो. वयाने माझ्याएवढेच आहेत. दिवसभर पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. कुरिअरवाल्यांना जिने चढायचा कंटाळा, त्यामुळे सगळ्या बिऱ्हाडांची खोकी त्यांच्यापाशीच येऊन पडतात. कुणाकडे काय आलं हे बिऱ्हाडाच्या आधी मालकांना कळतं.

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची, त्याचा मला पगार मिळतो. स्वभावही तसाच झालाय, बायको म्हणते. या कामात आमचा एक नियम असतो. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं आणि पुन्हा चालवून बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. नवीन पोरांना मी हे इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या माघारी ती माझी नक्कल करतात. मीही माझ्या बिघाडाला तोच नियम लावला.

आधी सोल्डरची तार बदलली. फरक पडला नाही. मग सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायच्या राळेची डबी नवी आणली. मग गॅलरीतला दिवा बदलला, कारण अंधुक उजेडात कुणाचंही चुकणार. मग चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासून घेतला. तो खरंच थोडा वाढला होता, आणि मला केवढा दिलासा मिळाला! चष्म्याचा नंबर वाढल्यावर इतका खूश झालेला माणूस त्या दुकानदाराने पाहिला नसेल. नवीन चष्म्यातून पाय चांगले ठसठशीत दिसायला लागले. चिकटायचेही ठसठशीत.

मग मी आयर्नकडे वळलो. त्याची बिट खरोखरच काळी पडली होती, टोक झिजून बोथट झालं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

इथे वडिलांचं सांगायला हवं. ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होते. डॉक्टर नव्हेत, त्यांच्या हाताखाली. गावात सगळे त्यांना कंपाउंडर म्हणायचे. त्यांचा हात हलका होता. बिथरलेल्या म्हशीच्या मानेवर थाप मारत मारत ते सुई कधी घालायचे ते म्हशीलाही कळायचं नाही. सलाईन लावायचं तर शीर एका फटक्यात सापडायची. डॉक्टर हजर असले तरी शेतकरी म्हणायचे, कंपाउंडरला लावू द्या. मग मी बारावीच्या आसपास असताना त्यांची शीर चुकायला लागली. ते म्हणायचे, हल्ली सुया बोथट येतात. सरकारी मालात दम राहिला नाही. तालुक्याला गेलं की स्वतःच्या खिशातून सुया आणायचे, या कंपनीच्या नको, त्या कंपनीच्या दाखवा, असं करत. मी त्यांच्याबरोबर मेडिकलच्या काउंटरला उभा राहिलो आहे. ते एकेक सुई उजेडाकडे धरून टोक बघायचे आणि मला वाटायचं, आपले बाबा किती बारकाईने बघतात. अभिमान वाटायचा. ते टोक तेव्हा हलत होतं का, हे आता कितीही आठवलं तरी आठवत नाही.

एक दिवस एका ओळखीच्या माणसाने स्वतःच्या गाईजवळून त्यांना बाजूला केलं. "ऱ्हाऊ द्या बाबा तुमी, डाक्टरला येऊ द्या," असं म्हणाला म्हणे. त्या दिवशी ते घरी आले ते अंगणातच बसून राहिले. नंतर कधीतरी त्यांनी बशीतून चहा प्यायचं सोडलं. जन्मभर बशीत ओतून, फुंकर मारून चहा पिणारा माणूस थेट कपाने प्यायला लागला आणि घरात कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही.

हे सगळं मला आयर्न बदलताना आठवत होतं. इतका काही मी ठोंब्या नाही. पण मी स्वतःशी वाद घालायचो, की बाबांच्या सुया चांगल्या होत्या, माझी बिट मात्र खरंच खराब आहे. या वादात मी दर वेळी जिंकायचो.

पहिलं स्टेशन ऑनलाइन मागवलं. सगळ्यात स्वस्त होतं ते, गोल बटणावर तापमानाचे आकडे छापलेलं. बायकोने आधीच बजावलं होतं, "खेळण्यावर किती घालवायचे याला काही मर्यादा?" म्हणून मी मुद्दाम बेताचं घेतलं. बटण कुठेही फिरवा, सोल्डर आपल्या मर्जीने वितळायचं. त्यापेक्षा मला खटकली ती हँडलची वायर. ताठ होती, सुतळीला पीळ घातल्यासारखी. हात डावीकडे न्यावा तर ती उजवीकडे ओढायची. सापडला चोर, असं मला झालं. वायर हात ओढते, म्हणून थेंब भलतीकडे जातो. मी ते परत पाठवायला खाली नेलं.

"काय खराबी हाय?" मालकांनी विचारलं.

"वायर कडक आहे."

"वायर कडक हाय म्हनून परत?" त्यांनी खोकं हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं. "आमचं ट्रॅक्टरचं स्टेरिंग लई जड हाय. आमी कुटं परत केला?"

मी हसलो आणि वर आलो. जिन्यात मात्र मला त्यांचा राग आला, आणि एवढ्याशा थट्टेचा राग का यावा हे कळेना.

दुसरं स्टेशन आकडे दाखवणारं होतं. यात वायर मऊ, तापमान पक्कं. पण त्याचं हँडल लांबुडकं, बोटं इथे आणि टोक तिथे. लांब काठीने भिंतीवर नाव लिहायला सांगावं तसं वाटायचं. पुन्हा चोर सापडला. बोटांपासून टोकापर्यंतचं अंतर कमी असलं पाहिजे! मी संध्याकाळच्या संध्याकाळ व्हिडिओ बघायला लागलो. जगभरची माणसं आपापल्या टेबलावर स्टेशनं मांडून त्यांची उणीदुणी काढत होती आणि मी त्यांच्याशी मोठ्याने भांडत होतो. बायको आतून विचारायची, "कुणाशी बोलताय?"

दिवाळीला आई आली होती. ती भावाकडे गावी असते, सणाला आमच्याकडे आठवडाभर राहून जाते. संध्याकाळी मी गॅलरीत पणत्यांमध्ये तेल घालत होतो. थोडं तेल बाहेर सांडलं, मग पुन्हा सांडलं. आईने माझ्या हातातून किटली काढून घेतली. "दे हिकडं. तेलाची नासाडी करायची सवयच हाय तुला." मग तिने सगळ्या पणत्या स्वतः भरल्या, एकही थेंब न सांडता, आणि वाती लावायचं काम मला दिलं. मी वाती लावल्या. ती गावी परतताना नेहमीपेक्षा जास्त वेळ स्वयंपाकघरात बायकोशी बोलत होती, पण सासू-सुनांचं काहीतरी असेल म्हणून मी लक्ष घातलं नाही.

मी गॅलरीत बसलो की बायको चहा आणून ठेवते. त्या सुमारास तो अर्धाच कप यायला लागला. "काय गं, दुधाचे भाव वाढले का?" मी चिडवलं. "तुमची ॲसिडिटी वाढलीय," ती म्हणाली. अर्धा संपला की थोड्या वेळाने दुसरा अर्धा आणून द्यायची. यात ॲसिडिटीचं काय भलं होतं ते मला समजेना. पण चहा दोनदा गरम मिळतोय, तर कशाला वाद घाला.

एकदा न राहवून मी नेटवर कंपवाताबद्दल वाचलं. दार लावून घेऊन वाचलं, काहीतरी चोरटं बघत असल्यासारखं. त्यात लिहिलं होतं की या आजारात हात बहुधा रिकामा असताना थरथरतो, कामाला लावला की थरथर कमी होते. मला एवढा आनंद झाला, की मी उठून बायकोला म्हटलं, चल बाहेर जेवायला जाऊ. माझा हात तर काम करतानाच बिघडतो! म्हणजे मला ते नाही. कसला प्रसंग आहे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सहज. थाळी मागवली, दोनदा सोलकढी प्यालो, आणि मला त्या दिवशी ती वाटी सोडून दुसरं काही दिसलं नाही, समोरच्या बायकोचा चेहरासुद्धा नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात गुरुवारी लाईट गेली होती. मी ऑफिसची कॅब यायची म्हणून पार्किंगमध्ये मालकांच्या शेजारी खुर्चीवर बसलो होतो. रस्त्यावर टेम्पो आणि पाण्याच्या टँकरची कोंडी झाली होती, कॅब कुठेतरी अडकली होती. मालक मोबाईलवर कुणाच्या तरी बैलांचे फोटो दाखवत होते. दाखवता दाखवता थांबले.

"हात का हलतोय तुमचा?"

मी खाली बघितलं. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर मोकळा पडला होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, तंबाखू मळावी तशी. मला काहीच जाणवत नव्हतं. मी बघितलं नसतं तर मला कळलंही नसतं. बाबांची बोटं अशीच हलायची, अगदी अशीच, आणि आम्ही त्यांना विचारायचो, बाबा काय मोजताय.

"गाणं चाललंय डोक्यात," मी म्हटलं. "ठेका धरलाय."

"गानं?" मालकांनी पुन्हा हाताकडे बघितलं. "मंग लई येळ चाललंय. परवा बी चालूच व्हतं."

त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं नाही. बैल लंगडतोय हे जसं सांगतील तसंच सांगितलं. मी हात खिशात घातला आणि कॅब येईपर्यंत काढला नाही. ऑफिसात त्या दिवशी मी दोन पोरांवर विनाकारण ओरडलो.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने डॉक्टर गाठला असता. मी शनिवारी तपकीर गल्ली गाठली. पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं तिथे एकमेकांना खेटून आहेत. बाईकवरून जाताना हँडल घट्ट धरलेला हात अगदी शांत होता, आणि मी दर सिग्नलला त्याच्याकडे बघून घेत होतो. स्टेशन हातात धरून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. एका दुकानात गर्दी बऱ्यापैकी कमी होती, तिथे शिरलो. दुकानदार मनमिळाऊ होता. काय काय हवं ते मी सांगत गेलो. हँडल पेनासारखं हलकं हवं. वायर इतकी मऊ हवी की हाताला लागू नये. बोटं टोकाच्या जितकी जवळ येतील तितकी बरी. खाली ठेवल्यावर आपोआप थंड व्हावं, चुकून हाताला लागलं तर भाजू नये. आणि हे सगळं परवडणाऱ्या किमतीत.

त्याने मान डोलावत ऐकलं आणि काउंटरखालून एक छोटा डबा काढला. हँडल खरंच पेनाएवढं होतं. माझ्या हातात देताना तो म्हणाला, "घरी वयस्कर कुणी वापरणार आहे का? वडिलांसाठी घेताय?"

मी म्हटलं, "हो. वडिलांसाठी."

"मग हेच न्या. हात थरथरणाऱ्याला हेच बरं पडतं. काहीजण घेऊन गेलेत."

वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पैसे दिले, पिशवी घेतली आणि बाहेर येऊन बाईकपाशी नुसता उभा राहिलो. इतके महिने मी सोल्डरिंग स्टेशन निवडतोय असं मला वाटत होतं. त्या अनोळखी माणसाने माझ्या मागण्या एका दमात ऐकल्या आणि त्यांतून एक म्हातारा, थरथरणारा माणूस त्याच्यासमोर उभा राहिला. तरीही मी स्टेशन परत केलं नाही, उलट ते जपून सॅकमध्ये ठेवलं. इतकं चांगलं स्टेशन, यावर तरी जमेलच, असं कुठेतरी वाटत होतं. आशा किती निर्लज्ज असते, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नाश्ता झाल्यावर मी गॅलरीत बसलो. चांगलं ऊन होतं, वाळत घातलेल्या कपड्यांची सावली टेबलावर पडत होती म्हणून कपडे सरकवून घेतले. नवीन स्टेशन काही सेकंदांत तापलं. राळेचा वास आला, जो मला लहान मुलासारखा आवडतो. पहिले काही जोड सुरेख बसले. मी श्वास रोखून धरला होता, दोन्ही कोपरं टेबलाला टेकवली होती, मनगटाखाली उशीसारखी घडी घातलेली टॉवेलची पट्टी होती. मग श्वास सोडला, आणि सोल्डरचा थेंब दोन पायांच्या मधे जाऊन बसला.

मी स्टेशन बंद केलं. टेबलावरच्या एकेका वस्तूकडे बघितलं. तार नवी, राळ नवी, दिवा नवा, चष्मा नवा, स्टेशन तर तिसरं. माझ्याच नियमाने बघायचं तर बदलायचं एकच राहिलं होतं. जी परीक्षा मी इतके महिने टाळत होतो ती करायला आता कुठलंच निमित्त उरलं नव्हतं. ऑफिसातलं एखादं पोर असं वागलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती.

मी कपाटातून कॉलेजातलं जुनं आयर्न काढलं. सगळ्यात वाईट हत्यार तेच, म्हणून तेच. बिट घासून जमेल तेवढी साफ केली, प्लग लावला आणि हाक मारली.

"जरा इकडे ये. हे धरून बघ."

बायको मेथी निवडत होती. हात पुसत आली. "मला काय येतंय त्यातलं?"

"काही येत नाही म्हणूनच. बस."

मी तिला सांगितलं, आधी बिट पायाला आणि बोर्डावरच्या तांब्याला दोन्हीला टेकव, जरा थांब, मग तार लाव, तार काढ, मग बिट उचल. तिने आधी नाक मुरडलं, मग पदर खोचला. पहिला जोड नुसता गोळा झाला. दुसरा थोडा बरा. तिसऱ्याला तिने कोपरही टेकवलं नाही. दिवाळीत रांगोळीचा ठिपका टाकते तितक्या सहज तार लावली आणि काढली. जोड बसला. चकचकीत, पायाला चारी बाजूंनी लपेटून उतरलेला, पुस्तकात दाखवतात तसा. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचा पाय तर अगदी खेटून होता, तोही सुटा राहिला. जळक्या हँडलच्या, झिजल्या बिटच्या, मी मोडीत काढलेल्या आयर्नने.

"एवढंच?" ती हसून म्हणाली. तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं, गालावर लाली आली होती. "एवढ्यासाठी ती सगळी खोकी मागवलीत?"

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. मला वाटलं, ती विचारेल काय झालं. पण तिने आयर्न नीट स्टँडवर ठेवलं, प्लग काढला आणि आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. भीती खरी ठरली की माणसाला निदान मोकळं वाटतं, असं म्हणतात ते खोटं आहे. मला नुसतीच भीती वाटत होती, आधीपेक्षा मोठी, आणि बाबा अंगणात बसलेले दिसत होते.

ती चहा घेऊन आली. अर्धा कप.

"आज तरी भर की कप," मी म्हटलं. आवाज चिडका निघाला.

ती कप हातात धरून उभी राहिली. "दिवाळीपासून देतेय असा," ती म्हणाली. "आई सांगून गेल्या. त्याला कप भरून देत जाऊ नको, म्हणाल्या. अर्धा अर्धा दे, म्हणजे सांडत नाही, त्यालाही कळत नाही. त्या बाबांना तसाच द्यायच्या."

मी तिच्या हातातल्या कपाकडे बघितलं.

"मला त्याआधीच दिसलं होतं. तुम्ही म्हणाल, तुम्ही म्हणाल, म्हणून वाट बघत होते." तिचे डोळे भरले होते. "रोज वाट बघायची मी. तुम्ही खोकी मागवत बसलात."

"बाबांना कळलं होतं का?" मी विचारलं. "अर्ध्या कपाचं?"

"मीही हेच विचारलं आईंना. आई म्हणाल्या, काय माहीत. पण दर वेळी विचारायचे म्हणे, काय गं, दूध संपलं का?"

मला रडू आलं. चाळिशी उलटलेला माणूस भर सकाळी गॅलरीत, खाली मालक कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत असताना, तोंडावर डावा हात धरून रडला. उजवा हात टेबलाखाली मांडीवर होता. तो तिथे किती दिवसांपासून ठेवायची मला सवय लागली होती, कुणास ठाऊक. मी तो वर काढला आणि तिच्यासमोर, तिने केलेल्या जोडांच्या शेजारी, टेबलावर मोकळा ठेवला. बोटं हलत होती. आम्ही दोघांनी ती पहिल्यांदाच एकत्र बघितली.

तिने कप माझ्या डाव्या हाताशी सरकवला.

"प्या," ती म्हणाली. "दुसरा अर्धा ठेवलाय गॅसवर. तो प्यालात की डॉक्टरांना फोन करू."